सायझिंगचा दर किलोवर, फटका मात्र मागावर!

सुताला खळ देण्याचे बिल किलोवर निघते. पण खळ नीट बसली की नाही, याची किंमत मागावर मीटरमध्ये चुकवावी लागते. हा हिशेब एका पावतीवर का यायला हवा?

इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी ही महाराष्ट्रातील यंत्रमागाची प्रमुख केंद्रे. सुताचा भाव, मजुरी आणि वीजदर यांवरून येथे आंदोलने होतात, बैठका होतात आणि त्यांच्या बातम्याही होतात. मात्र सूत आणि माग यांच्या मधली जी पायरी आहे, त्या सायझिंगच्या हिशेबाकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. बिलावर एकच आकडा असतो : किलोला इतके रुपये. हा आकडा सोयीचा आहे, पण अपुरा आहे. या अपुरेपणामुळे बचत एकाच्या खिशात जाते आणि नुकसान दुसऱ्याच्या माथी पडते.

सायझिंग म्हणजे नेमके काय?

कापडात धागे दोन प्रकारचे. उभा ताणा आणि आडवा बाणा. मागावर सगळा छळ ताण्याचा होतो. तो सतत ताणलेला असतो, दर फेऱ्याला वर-खाली होतो आणि फणी त्याला घासत राहते. कोनवरचे एकेरी सूत तसेच मागावर चढवले तर त्याचे तंतू सुटतात, शेजारच्या धाग्यात अडकतात आणि धागा तुटतो. म्हणून ताण्यावर खळीचे पातळ कवच चढवतात. हातमागावर विणकर हेच काम तांदळाची कांजी ब्रशने फासून करत असे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. मागाचा वेग वाढत गेला, तशी खळ नेमकी आणि एकसारखी बसण्याची गरजही वाढली.

आजच्या पद्धतीत कोनवरचे सूत आधी वार्पिंग बीमवर येते. असे अनेक बीम एकत्र करून धागे गरम खळीच्या पेटीतून जातात, रोलरखाली पिळले जातात, वाफेवर तापलेल्या सिलिंडरवर वाळतात आणि मागाच्या बीमवर गुंडाळले जातात. खळीत मका किंवा टॅपिओकाचा स्टार्च, चिंचोक्याची पावडर, पीव्हीए किंवा अॅक्रिलिकसारखी रसायने आणि मऊपणासाठी सॉफ्टनर असे घटक लागतात. कोणता घटक किती, हे सुताच्या जातीवर आणि मागाच्या वेगावर ठरते.

बिल कसे निघते?

काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. १ काउंटचे सूत किलोत १,६९३ मीटर भरते, ४० काउंटचे त्याच्या ४० पट. यावरून सोपे सूत्र निघते. उभ्या धाग्यांची संख्या गुणिले मीटर, भागिले १,६९३ गुणिले काउंट, म्हणजे ताण्याचे वजन किलोत.

समजा, ४० काउंटचा ताणा आहे, उभे धागे ४,८०० आणि लांबी १,००० मीटर. वजन येते सुमारे ७०.९ किलो. सायझिंगचा दर किलोला २० रुपये धरला तर बिल १,४१७ रुपये, म्हणजे ताण्याच्या मीटरमागे १ रुपया ४२ पैसे. विणताना ताणा बाण्यावरून नागमोडी जातो आणि लांबी घटते. ही घट ६ टक्के धरली तर १,००० मीटर ताण्यातून ९४० मीटर कापड निघते. मग कापडाच्या मीटरमागे सायझिंगचा खर्च १ रुपया ५१ पैसे होतो.

आता धागे आणि लांबी तीच ठेवून सूत ६० काउंटचे घेतले तर वजन ४७.२५ किलोवर येते. २० रुपयांच्याच दराने बिल ९४५ रुपये होईल. पण यंत्र १,००० मीटरच चालले, कामगार तेवढेच आणि धागेही तेवढेच. म्हणून बारीक सुताचा किलोचा दर जास्त असतो. तो ३० रुपये धरला तर बिल पुन्हा १,४१७ रुपयांवर येते. कागदावर दीडपट दिसणारा दर मीटरमागे तेवढाच पडतो! दोन सायझिंगच्या दरांची तुलना करायची तर ती मीटरवर करायला हवी, ती याचसाठी.

वजन कोणते धरले, हाही प्रश्न आहेच. खळ देण्यापूर्वीच्या सुताचे की खळ बसलेल्या बीमचे? खळ १२ टक्के बसली तर ७०.९ किलोचे ७९.४ किलो होतात. २० रुपये दराने फरक १७० रुपयांचा. हे आधी ठरले नसेल तर ‘कमी दर’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

सायझिंगवाल्याचा खर्च कुठे जातो?

खर्चाच्या मोठ्या बाबी चार : खळीचा माल, वाफ, मजुरी आणि वीज. यातील वाफ हा बाहेरच्याला न दिसणारा खर्च. वरच्याच उदाहरणात खळ १२ टक्के बसवायची आहे. खळीत घन पदार्थ १० टक्के असतील तर सुताला स्वतःच्या वजनाच्या १२० टक्के ओली खळ प्यावी लागेल. म्हणजे ७०.९ किलो सुताबरोबर ८५ किलो खळ आणि त्यात साधारण ७६.६ किलो पाणी. हे सगळे पाणी सिलिंडरवर उडवायचे. एक किलो पाणी उडवायला साधारण दीड किलो वाफ लागते असे धरले तर नुसत्या वाळवणीला ११५ किलो वाफ खर्ची पडते.

हीच खळ १२ टक्के घट्ट केली आणि रोलरचा दाब वाढवून सुताला १०० टक्केच ओली खळ पिऊ दिली, तर पाणी ६२.४ किलोवर येते. सुतावर बसलेली खळ तेवढीच, पण उडवायचे पाणी सुमारे १८ टक्के कमी. बचतीचा खरा मार्ग असा पिळणाऱ्या रोलरमधून जातो. त्यासाठी चांगले रोलर आणि खळीचा घट्टपणा मोजण्याची शिस्त लागते, म्हणजे आधी गुंतवणूक लागते. किलोमागे एखादा रुपया कमी करण्यासाठी घासाघीस चालू असेल तर ही गुंतवणूक कोण करणार?

मग सोपे उपाय केले जातात. खळ पातळ केली जाते, महाग घटक कमी केला जातो किंवा इंधन स्वस्तातले शोधले जाते. सायझिंगच्या बॉयलरमध्ये टाकाऊ प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी मालेगाव आणि भिवंडीत वेळोवेळी झाल्या आहेत. त्या धुराची किंमत कुठल्याच बिलावर नसते. मजुरीचेही तसेच. इचलकरंजीत २०१५ मध्ये सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी दीर्घ संप केला, तेव्हा बीमअभावी मागही थांबले. साखळीतील ही कडी किती महत्त्वाची आहे, हे ती तुटल्यावरच दिसले.

दोन रुपये वाचले, पण कोणाचे?

खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो. या व्यवहारात बीम अनेकदा व्यापाऱ्याकडूनच येते. सायझिंग कुठे करायचे आणि कोणत्या दराने, हे तो ठरवतो. बीम बिघडले तर सोसायचे मात्र मागवाल्याने.

उदाहरण घेऊ. साधा माग मिनिटाला १५० फेरे मारतो आणि कापडात इंचाला ८८ पीक, म्हणजे ८८ आडवे धागे आहेत. एका मीटरला सुमारे ३,४६५ फेरे लागतात. न थांबता चालला तर १२ तासांच्या पाळीत ३१ मीटर कापड निघेल. ८५ टक्के कार्यक्षमतेने २६.५ मीटर. खळ कच्ची निघाली, धागे जास्त तुटले आणि कार्यक्षमता फक्त ५ टक्क्यांनी घसरून ८० वर आली, तर २५ मीटर. पाळीमागे दीड मीटरचे नुकसान किरकोळ वाटते. पण २४ माग आणि दोन पाळ्या धरल्या तर दिवसाला ७५ मीटर कापड कमी होते. मजुरी प्रति पीक ६ पैसे धरली तर मीटरला ५ रुपये २८ पैसे, म्हणजे दिवसाला सुमारे ३९५ रुपये बुडाले.

याच २४ मागांवर दिवसाला साधारण ९० किलो ताणा लागतो. सायझिंग किलोमागे २ रुपयांनी स्वस्त मिळाले असेल तर व्यापाऱ्याची बचत १८० रुपये. एकाचे १८० वाचले, दुसऱ्याचे ३९५ गेले. मीटरवर मजुरी घेणाऱ्या माग कामगाराचा वाटाही या ३९५ रुपयांतच आहे. धागे सांधत उभे राहण्यात गेलेल्या वेळेची मजुरी त्याला मिळत नाही. शिवाय सांधलेल्या धाग्यांचे दोष कापडात उतरतात आणि माल कमी भावात काढावा लागतो, ते वेगळेच.

वाया गेलेल्या सुताचे काय?

हा तर सर्वांत दुर्लक्षित आकडा. सूत किलोला २५० रुपये धरले आणि ७०.९ किलोतील १ टक्का वाया गेले, तर १७७ रुपये गेले. १,४१७ रुपयांच्या बिलाचा हा आठवा हिस्सा! दरात घासाघीस करून एवढी सूट क्वचितच मिळते. तरीही सूट बिलावर दिसते म्हणून तिची चर्चा होते, वाया सूत दिसत नाही म्हणून होत नाही.

ओलाव्याचाही असाच खेळ आहे. बीम दोन टक्के जास्त ओले राहिले तर तेवढी खळ जास्त बसल्यासारखी वजनात दिसते. प्रत्यक्षात धागे एकमेकांना चिकटतात. जास्त वाळवले तर कवच ठिसूळ होते आणि खळीची भुकटी मागाखाली साचते. यंत्रावर सूत जास्त ताणले तर मीटर वाढतात, पण सुताची लवचिकता जाते आणि पहिल्याच झटक्यात ते तुटते. यातले काहीही ‘किलोला इतके’ या आकड्यात दिसत नाही.

मग करायचे काय?

प्रत्येक बीमसोबत एक छोटी पावती हवी. तिच्यावर पाच नोंदी : खळीपूर्वीचे वजन आणि मीटर, बसलेल्या खळीचे प्रमाण, ओलावा, ताणाची टक्केवारी आणि वाया गेलेले सूत. मागवाल्याने त्याच बीमच्या क्रमांकापुढे रोज किती धागे तुटले, एवढेच लिहायचे. वहीतही भागते, मोबाइलवरही. चार-सहा बीमनंतर स्वस्त कोण आणि महाग कोण, याचे उत्तर आपोआप निघेल.

सायझिंगवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे : धागे तुटण्याला सूतही जबाबदार असते आणि मागाची दुरुस्तीही. हे खरे आहे. पण म्हणूनच नोंद हवी. खळ, ओलावा आणि ताण योग्य असल्याचे पावती दाखवत असेल तर दोष सुतात किंवा मागात आहे, हे सायझिंगवाल्याला ठामपणे सांगता येईल. आज नोंद नसल्याने तक्रार आली की बिलातून रक्कम कापली जाते आणि वाद तिथेच राहतो.

लहान लॉटचा खर्चही उघड मांडायला हवा. बीमचा संच छोटा असला तरी खळ नव्याने शिजवावी लागते, यंत्र लावावे लागते आणि उरलेली खळ बऱ्याचदा गटारात जाते. त्यासाठी वेगळा ठरावीक आकार घेणे रास्त आहे. तो दरात लपवला की नुकसान भरून काढण्यासाठी खळ पातळ होते.

आणखी एक बाब. सुतावर चढवलेली खळ पुढे प्रोसेस हाउसमध्ये धुऊन काढावीच लागते. धुतलेला स्टार्च पाण्यातील ऑक्सिजन खातो आणि त्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च वाढवतो. पंचगंगेच्या प्रदूषणावर दरवर्षी चर्चा होते. गरजेपेक्षा जास्त चढवलेली प्रत्येक किलो खळ शेवटी सांडपाण्यातच उतरते. खळ कमी पडली तर माग थांबतो, जास्त झाली तर नदीवर भार पडतो. मोजून बसवणे हाच मधला रस्ता.

व्यापारी, सायझिंगवाले आणि यंत्रमागधारक यांच्या संघटना मजुरीच्या दरावर एकत्र बसतात. त्याच टेबलावर बीमच्या पावतीचा नमुना ठरवणे अवघड नाही. त्याला सरकारी अनुदान लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. लागतो तो वजनकाटा, ओलावा मोजण्याचे साधे उपकरण आणि आकडा लपवायचा नाही एवढा निश्चय. दर पुढेही किलोवरच ठरेल, हरकत नाही. पण तो मीटरला किती पडला, हे कापड विणणाऱ्याला कळायलाच हवे.