सबवूफर हळू ऐकण्यासाठी असतो

हे वाक्य मी मागच्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना बोललो आणि टेबलावरचे चौघंही हसले. त्यातला एक आमच्या टीममधला ऑडिओतला जाणकार. त्याच्या घरी दोन लाखांची सिस्टिम आहे. त्याचं म्हणणं, पन्नास हजारांच्या खाली सबवूफरचं नावही काढू नये, त्यापेक्षा दोन चांगले स्पीकर घ्यावेत आणि गप्प बसावं. दुसऱ्याच्या मते सबवूफर म्हणजे रिक्षात सीटखाली धडधडणारं ते खोकं, सभ्य माणसाच्या घरात त्याचं काय काम? मी तेव्हा दही-भात कालवत होतो म्हणून वाद घातला नाही. आता घालतो. शनिवार आहे.

तर मंडळी, मुद्दा असा की हे दोघंही एकच चूक करतायत. दोघांनाही वाटतं, सबवूफर मोठ्याने वाजवण्यासाठी असतो. एकाला ते भारीतलं हवंय, दुसऱ्याला ते नकोच आहे, एवढाच फरक. माझं म्हणणं उलटं आहे. ज्याची खोली लहान, भिंत पातळ, शेजार जवळ आणि खिसा हलका, त्यालाच सबवूफरची खरी गरज असते. ज्याला आवाज वाढवता येतो त्याचं सबवूफरवाचून फारसं अडत नाही.

का, ते सांगतो. आपला कान सगळ्या स्वरांना सारखं वागवत नाही. हजार हर्ट्झचा आवाज दोन-तीन डेसिबलला ऐकू यायला लागतो. पन्नास हर्ट्झचा आवाज मात्र साधारण ४४ डेसिबलपर्यंत चढवला नाही तर ऐकूच येत नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून वक्ररेषा काढल्या, पुढे त्यांची आंतरराष्ट्रीय प्रमाणं झाली. त्याचा घरगुती अर्थ असा की तुम्ही नॉब खाली आणलात की सगळे स्वर सारखे लहान होत नाहीत. खालचे आधी मरतात. जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आम्ही पोरं ते कायम दाबून ठेवायचो कारण त्याने 'भारी' वाजायचं. ते बटण खरं म्हणजे रात्री हळू ऐकणाऱ्यासाठी होतं.

आता माझी परिस्थिती. मुर्धा म्हणजे भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागणारं गाव. एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला रोज एक मजला वर चढणारं भाईंदर. आमचं घर गावठाणातलं, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. भिंतीच्या पलीकडे काकू राहतात. भिंत अर्ध्या विटेची. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. स्टिरिओ म्हणजे नव्वदच्या दशकातला एक ॲम्प्लिफायर आणि चार इंची वूफरचे दोन स्पीकर. गळा छान, सतार छान, सारंगी तर फारच छान.

पण बाबा तरुणपणी भजनी मंडळात पखवाज आणि तबला वाजवायचे. रात्री साडेनऊला जेवणं झाली की त्यांना ख्याल लागतो. सहा महिन्यांपूर्वी एकदा मध्येच मांडीवरचा हात थांबवून म्हणाले, "डग्गा कुठाय?"

मी म्हटलं, वाजतोय की. ते म्हणाले, "मला खाली कळत नाही."

हा प्रश्न तंत्राचा आहे, आवडीनिवडीचा नाही. तीनताल घ्या. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. 'धा' म्हणजे तबला आणि डग्गा दोन्ही, 'ता' म्हणजे नुसता तबला. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद असतो आणि चौदाव्याला तो परत येतो. ऐकणाऱ्याला खाली आणि भरी कळते ती त्या घुमाऱ्याच्या असण्या-नसण्यावरून. डग्गाच धूसर असेल तर तो कधी थांबला हेही धूसर. सोळा मात्रांचं आवर्तन आहे, पण आत खांब नाहीत.

इथे ऑफिसातला जाणकार म्हणेल (म्हणालाच), की मेंदू वरच्या स्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज घेतो, म्हणून तर फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरही आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. बरोबर आहे. पण ही युक्ती नीट चालते जिथे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे शिस्तीत असतात. गळ्यात असतात, तारेत असतात. चामड्यात ते आपोआप नसतात. तबल्याच्या शाईमुळे ते तसे येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्यासोबत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. डग्ग्याची शाई मात्र मध्यावर नसतेच, एका बाजूला असते, आणि वर मनगटाच्या दाबाने स्वर सरकवायचा असतो. मेंदूने अंदाज तरी कशाकशाचा घ्यायचा? तानपुऱ्याचंही तेच. काळी एकच्या पट्टीतला पुरुषी तानपुरा असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला लागते. माझे चार इंची वीर १०० हर्ट्झच्या खाली हात टेकतात. आवाज वाढवला की थोडं भागतं. रात्री साडेनऊला, अर्ध्या विटेच्या भिंतीशेजारी, वाढवणार कसा?

म्हणजे सबवूफर. आणि बजेट पाच हजार, कारण त्याच महिन्यात पोराची शाळेची फी होती.

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टनच) एका दुकानात मला आधी एक तयार खोकं दाखवलं. पुढे '२००० वॅट पीएमपीओ', निळे दिवे, चकचकीत जाळी. मी ते उलटं केलं. मागच्या लेबलवर लिहिलं होतं, वीज लागते ६० वॅट. दुकानदार दिलखुलासपणे हसला. घरातला मीटर जेवढं देतो त्याच्या तेहेतीस पट आवाज काढणारं यंत्र असेल तर ते महावितरणला नाही, नोबेल समितीला दाखवायला हवं. पीएमपीओ हा आकडा एका निमिषाच्या काल्पनिक कमाल शक्तीचा असतो आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. वॅट बघायचेच असतील तर ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर गुणा, त्यापलीकडे कोणी जाऊ शकत नाही. आणि मुळात वॅट हवेत कोणाला? आमच्या खोलीत बाबांच्या आवाजाला दोन-चार वॅटच्या वर क्वचितच लागतात.

मी सुटं सामान घेतलं. आठ इंची वूफर १४०० ला, लो-पास फिल्टर असलेला मोनो ॲम्प्लिफायर बोर्ड ६५० ला, २४ व्होल्ट ५ अँपियरचा पॉवर सप्लाय ६०० ला. अठरा मिलिमीटरचं प्लाय आणि गावातल्या सुताराची मजुरी मिळून १५००. आत भरायला उशीचा कापूस आणि वायरी २००. जुन्या ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळं आउटपुट नसतं. टेप-आउट असतं, पण त्यावर व्हॉल्यूमच्या नॉबचा काही परिणाम होत नाही, गाणं हळू केलं तरी सब आपला तसाच. म्हणून गाडीत वापरतात तो हाय-टू-लो कन्व्हर्टर २५० ला, जो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेतो. एकूण ४६००. उरलेल्या चारशेत ग्रँट रोडला दोघांचं जेवण झालं.

पेटीबद्दल एक आग्रह. बंद पेटी करा. भोक पाडलेली पेटी त्याच वूफरमधून जास्त धमक काढते हे खरं, पण ते भोक नीट जुळवायला वूफरची तांत्रिक मापं लागतात, आणि आमच्या दुकानदाराकडे वूफरचं फक्त वजन सांगता येत होतं. बंद पेटीत आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विल्चर या अमेरिकनाने १९५४ मध्ये याच तत्त्वावर लहान पेट्या विकायला काढल्या, नाहीतर तोवर चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढं खोकं लागायचं. बंद पेटीचा आवाज खाली जाताना लवकर पण हळूहळू उतरतो, आणि लहान बंद खोली नेमका तोच भाग थोडा उचलून धरते. गरिबाच्या खोलीचा असा फायदा एरवी कोण देतो? आतून सगळ्या बाजू ३१ सेंटिमीटर ठेवल्या की तीस लिटर होतात. सुताराला लिटर सांगू नका. मी सांगितलं तर त्याने विचारलं, "पाण्याची टाकी करायचीय का?"

इथवर छान. आता माझी चूक.

खोकं आलं त्या रात्री मी ते कोपऱ्यात ठेवलं, काकूंच्या भिंतीला टेकून, आणि कुठलासा सिनेमा लावला. ख्याल नाही. सिनेमा. तिसऱ्या दिवशी काकू दारात. त्यांच्या शब्दांत, "छातीत कोणीतरी कुदळ मारतोय रे." त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. मी काय करावं? फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडलं आणि त्यांना आकडा दाखवला. ४५! निवासी भागात रात्रीची मर्यादाच ४५ आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत काकू, आपण नियमात बसतो. त्या काही न बोलता गेल्या. बाबा आतून सगळं ऐकत होते. त्यांनी स्टिरिओ बंद केला आणि पुढचे दोन महिने लावू दिला नाही.

त्या दोन महिन्यांत मी त्या ४५ चा अर्थ शोधला. नियमातली मर्यादा 'ए-भारित' डेसिबलमध्ये असते. म्हणजे मोजताना खालच्या स्वरांना मुद्दाम कमी किंमत दिली जाते, पन्नास हर्ट्झला तर तब्बल तीस डेसिबलची सूट. नुसता पन्नास हर्ट्झचा आवाज ७५ डेसिबलने घुमत असला तरी हे मीटर सांगणार ४५. आणि भिंतीचं उलट असतं. वरचे स्वर ती बऱ्यापैकी अडवते, खालचे सोडते. म्हणजे मी काकूंना जो आकडा दाखवला तो त्यांना होणारा त्रास सोडून बाकी सगळं मोजत होता. डीजेच्या भिंती उभ्या करून हातात मीटर धरणारे आणि मी, यात त्या रात्री काय फरक होता? त्यांचे वॅट खरे होते, एवढाच.

शिवाय कोपरा. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो, दहा फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपासचा. हे स्वर भिंतीशी सगळ्यात जोरात असतात, आणि कोपऱ्यातला सब ते सगळे एकदम जागे करतो. सब उचलून बसायच्या जागी ठेवायचा, एक तानपुरा लावायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज एकसारखा, न फुगता ऐकू येतो तिथे सब ठेवायचा. मी गुडघ्यांवर रांगत असताना बायकोने विचारलं, काय हरवलंय? म्हटलं, डग्गा. तो अखेर सापडला काकूंच्या भिंतीपासून सगळ्यात लांब, खिडकीखाली, शिलाई मशीनच्या जागी. शिलाई मशीन आता आत गेलंय. त्याबद्दल वेगळी पोस्ट होऊ शकते पण मी ती लिहिणार नाही.

फिल्टर १०० हर्ट्झला. वायरी उलट-सुलट करून ज्या बाजूने डग्गा भरीव लागला ती बाजू. खाली जुन्या रबरी मॅटचे तुकडे. आणि पातळी किती? सबकडे बोट दाखवून "हा वाजतोय" असं म्हणता आलं तर तो जास्त आहे. बंद केल्यावर गाणं अचानक पोकळ वाटलं तर बरोबर. माझा नॉब नऊच्या काट्यावर आहे आणि तिथे बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. पोराला सांगून ठेवलंय, ठिपक्याच्या पुढे नाही.

जाणकार मित्राचा एक मुद्दा अजून उरतो, की ४६०० चं खोकं खरा खोल खर्ज काढणारच नाही. नाहीच काढत. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली जायचं तर वूफरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं, आणि महाग सबचे पैसे तिथेच जातात. तीस हर्ट्झला माझं खोकं मुकं आहे. पण तीस हर्ट्झला आहे तरी काय? सिनेमातले स्फोट, चर्चमधला मोठा पाइप ऑर्गन, पियानोच्या अगदी डावीकडच्या दोन-तीन पट्ट्या. बाबांना त्यातलं काहीच नकोय. त्यांना साठ ते शंभर हवेत. पन्नास हजार घालून जे स्वर मिळतात ते आमच्या गाण्यात नाहीत, आणि काकूंच्या छातीत कुदळ मारणारे बरेचसे तेच किंवा त्यांचे शेजारी.

गेल्या रविवारी मी काकूंकडे गेलो. माफी मागितली, ती दोन महिने उशिरा. मग म्हटलं, पोरगा तिकडे लावतोय, मी इथे तुमच्याकडे बसून ऐकतो. पोराने विलंबित एकताल लावला, बाबांच्या रोजच्या आवाजाला. काकूंच्या पलंगाशी मी पाच मिनिटं कान देऊन बसलो. पंखा ऐकू येत होता. उत्तनच्या बसचा हॉर्न ऐकू आला. काकू म्हणाल्या, "लाव ना आता, बघू." मी म्हटलं, लावलंय. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि चहा टाकायला उठल्या.

घरी आलो तर बाबांचा हात मांडीवर चालू होता.

पेटीला अजून सनमायका लागायचाय. सुतार म्हणतो दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते त्याने सांगितलेलं नाही.