श्वापदाची खूण आणि विश्वासाचा प्रश्न

अलीकडे एका चर्चासत्रात, अमेरिकेतील लोकप्रिय ख्रिस्ती कादंबरीवरील निबंधवाचन संपल्यावर, एका ज्येष्ठ समीक्षकांनी असा अभिप्राय दिला की धर्मप्रचारासाठी लिहिलेल्या उत्कंठाकथांची समीक्षा करणे म्हणजे जाहिरातींचे काव्यशास्त्र रचणे होय. सभागृह हसले आणि विषय संपला. विधान चटकदार होते, पण त्यामागे दोन गृहीतके होती. प्रचार आला की वाङ्मयीनता जाते, हे एक. आणि प्रचारी कादंबरी निदान ज्याचा प्रचार करते त्याच्याशी तरी प्रामाणिक असते, हे दुसरे. पहिले गृहीतक तपासायला मराठीच्या अभ्यासकाला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. ज्या कृतीपासून आपण मराठी कादंबरीचा इतिहास शिकवू लागतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) उघडपणे ख्रिस्ती हेतूने लिहिलेली आहे, आणि तरीही विधवांच्या स्थितीचे जे दर्शन तीत घडते ते त्या हेतूच्या चौकटीत मावत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख दुसऱ्या गृहीतकावर आहे.

उदाहरण म्हणून टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही कादंबरीमालिका घेऊ. १९९५ मध्ये तिचा पहिला खंड आला. २००४ पर्यंत बारा मुख्य खंड आणि त्यानंतर आणखी चार पूरक खंड निघाले. एकूण खप सहा कोटी प्रतींहून अधिक. धर्मशास्त्रीय आराखडा लाहे यांचा, प्रत्यक्ष लेखन जेन्किन्स यांचे. कथानक योहानाच्या 'प्रकटीकरणा'च्या शब्दशः वाचनावर उभे आहे. खरे ख्रिस्ती एका क्षणी पृथ्वीवरून उचलले जातात. मागे राहिलेल्यांपैकी काही जण पुढे विश्वास धरतात. निकोलाय कार्पाथिया नावाचा रुमानियन राजकारणी संयुक्त राष्ट्रसंघामार्गे जगाचा सत्ताधीश, म्हणजेच ख्रिस्तविरोधक, बनतो. 'प्रकटीकरणा'च्या तेराव्या अध्यायातील श्वापदाची खूण, जिच्यावाचून कोणालाही क्रयविक्रय करता येणार नाही, ती 'द मार्क' (२०००) या आठव्या खंडात त्वचेखाली बसवलेल्या चिपच्या रूपाने अवतरते.

हा संगणक मालिकेत आकस्मिक नाही. मेरी स्ट्युअर्ट रेल्फ यांच्या 'व्हेन युवर मनी फेल्स' (१९८१) या पुस्तकाने किराणामालावरच्या बारकोडात आणि बँकांच्या कार्डांत श्वापदाची पावले शोधली होती. १९९८ मध्ये मायकेल हायट आणि जॉर्ज ग्रँट यांनी सन २००० च्या संगणकदोषामुळे जग ठप्प होण्याची कादंबरी लिहिली. ठरलेली तारीख आली आणि गेली. वाहिन्या, बँका, विजेची केंद्रे चालू राहिली. (भविष्यकथनाचा दावा करणाऱ्या कादंबरीला कालबाह्य होण्याची तारीख आधीच छापून मिळावी, असे उदाहरण वाङ्मयेतिहासात विरळा.)

पण या मालिकेला संगणकाची गरज नेमकी कशासाठी पडते? ज्या कथेचा शेवट धर्मग्रंथात आधीच लिहिलेला आहे आणि जिच्या वाचकाला तो पाठ आहे, तिच्यात उत्कंठा कोठून आणायची, हा लेखकद्वयापुढचा खरा रूपबंधात्मक पेच आहे. कार्पाथिया हरणार हे निश्चित. किती वर्षांनी, तेही निश्चित. म्हणून अनिश्चितता तपशिलात ढकलली जाते. कार्पाथियाच्या नव्या बाबेलमधील प्रासादात बसलेला डेव्हिड हसीद हा संगणकतज्ज्ञ शत्रूची संभाषणे चोरून ऐकतो, नोंदींत फेरफार करतो, विश्वासणाऱ्यांसाठी खोट्या ओळखी तयार करतो. तो पकडला जाईल का? माजी रब्बी झिऑन बेन-जुडाह यांची शिकवण इंटरनेटवरून जगभर पोहोचते. तिचा उगम शत्रूला सापडेल का? परमेश्वराची योजना अटळ असली तरी यंत्रणा भेदली जाऊ शकते, या फटीत सगळी उत्कंठा राहते. ईश्वरी नियतीचे कथनातील काम येथे संगणकीय सुरक्षेने आपल्याकडे घेतलेले दिसते.

याची नैतिक किंमत मालिका मोजत नाही. पाळत, चोरटे श्रवण, बनावट ओळखपत्र ही साधने कार्पाथियाच्या हाती आली की श्वापदाची. हसीदच्या हाती आली की चातुर्य. ज्या यंत्राला पृष्ठापृष्ठावर भयसूचक म्हणून रंगवायचे त्याच यंत्रावर संतांच्या सुटकेची भिस्त ठेवायची, हा अंतर्विरोध एखाद्या सजग लेखकाच्या हाती कादंबरीचा गाभा ठरला असता. येथे तो केवळ सोयीचा आहे.

याहून गंभीर बाब शिक्क्याची. मालिकेत विश्वासणाऱ्यांच्या कपाळावर देवाचा शिक्का उमटतो, आणि तो फक्त दुसऱ्या विश्वासणाऱ्यालाच दिसतो. 'प्रकटीकरणा'च्या सातव्या अध्यायातील प्रतिमेचे हे शब्दशः रूपांतर आहे. परंतु त्याचे कथनात्मक परिणाम पाहावेत. समोरचा माणूस आपला की परका, हा हेरकथेचा आद्य प्रश्न. तो येथे एका दृष्टिक्षेपात सुटतो. ज्याची नक्कल करता येत नाही, जो चोरता येत नाही, विसरता येत नाही, असा हा परिपूर्ण परवलीचा शब्द आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'श्रद्धा' या शब्दापेक्षा 'विश्वास' हा शब्द रुळलेला आहे. माणसाने माणसावर ठेवायचा भरवसाही विश्वासच आणि देवावर ठेवायचाही विश्वासच. आपल्या भाषेने जपलेला हा दुवा ध्यानात घेतला तर 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये काय हरवते ते कळते. ख्रिस्ती परंपरेत विश्वासाचे नाते न दिसणाऱ्याशी आहे; जखमेत बोट घालून खात्री करू पाहणाऱ्या थोमाची गोष्ट त्यासाठीच सांगितली जाते. येथे मात्र प्रत्येकाच्या कपाळावर पुरावा आहे. पडताळून पाहता येणारा विश्वास हा विश्वास उरतो का, हा प्रश्न नास्तिकाचा नाही. तो त्या परंपरेतल्या कोणत्याही गंभीर वाचकाचा आहे. आमच्या ज्येष्ठ समीक्षकांना या कादंबऱ्यांत अतिरेकी धार्मिकता दिसली. आम्हांस त्यांत धार्मिकतेचा तुटवडा दिसतो.

तोच तुटवडा ग्रंथवाचनातही आहे. 'प्रकटीकरण' ही स्वतःच एक सांकेतिक संहिता आहे. तीत बाबेल म्हणजे रोम. सहाशे सहासष्ट ही संख्या, अनेक अभ्यासकांच्या मते, नीरो कैसर या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज. काही प्राचीन हस्तलिखितांत ती सहाशे सोळा आहे, आणि नावाचे लॅटिन रूप घेतले तर तीही जुळते. साम्राज्याच्या छायेत लिहिणाऱ्याने आपल्या वाचकाच्या बुद्धीला केलेले हे आवाहन होते. शब्दशः वाचनाचा आग्रह धरणारे लेखक हा संकेत सोडवत नाहीत; ते त्याची चिप करतात. सांकेतिक लिपी, परवलीचे शब्द आणि यंत्रभेद यांनी भरलेल्या या मालिकेला आपल्या मूळ ग्रंथाची लिपी तेवढी वाचायची नसते.

यावर वाचकलक्ष्यी समीक्षेचे उत्तर ठाऊक आहे. एमी जॉन्सन फ्रायकहोम यांनी 'रॅप्चर कल्चर' (२००४) मध्ये या मालिकेच्या प्रत्यक्ष वाचकांशी बोलून दाखवून दिले की ते एकसाची नाहीत. कुटुंबात, चर्चमध्ये, मैत्रीत हे वाचन वेगवेगळे अर्थ घेते. अभ्यास मोलाचा आहे, आणि वाचकांना भोळसट समजणाऱ्या प्राध्यापकी अहंतेवर तो चांगला उतारा आहे. पण वाचक संहितेहून शहाणे निघाले म्हणून संहितेचा दोष कमी होत नाही. आपल्याकडे हल्ली 'ग्रहण' हा शब्द उच्चारला की मूल्यमापनातून सुटका झाली असे मानण्याची जी प्रथा पडत आहे, ती आळशीपणाची आहे. चर्चासत्रातले हसू आणि ही प्रथा यांच्यात वृत्तीचा फरक थोडाच. कृती वाचण्याचे कष्ट दोन्हींत वाचतात.

आणि ती वाचली तर एक जागा सापडते. मालिकेच्या उत्तरार्धात चँग वाँग हा किशोरवयीन संगणकपटू येतो. तो विश्वासणारा आहे, त्याच्या कपाळावर देवाचा शिक्का आहे. कार्पाथियानिष्ठ वडिलांच्या पुढाकाराने, गुंगीचे औषध देऊन, त्याच्यावर श्वापदाची खूणही बसवली जाते. एकाच देहावर दोन परस्परविरोधी चिन्हे, दोन्ही खरी. संमतीवाचून उमटलेल्या चिन्हाला अर्थ असतो काय? चिन्ह माणसाला बांधते की माणसाची निवड चिन्हाला? संगणकशास्त्रातील ओळख-पडताळणीपासून चिन्हमीमांसेपर्यंत आणि बाप्तिस्म्याच्या वादापर्यंत जाणारे प्रश्न त्या मुलाच्या कपाळावर एकत्र आले आहेत. मालिका त्यांची दखल घेत नाही असे नव्हे. मुलगा तळमळतो, वडीलधारे त्याची समजूत घालतात. पण ही तळमळ धर्मशास्त्रीय शंकेसारखी निरसली जाते, अनुभव म्हणून भोगली जात नाही. यमुनेला विधवांची दुःखे ऐकता ऐकता स्वतः त्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते, आणि पदमनजी तिला तेथून लवकर उठवत नाहीत, निदान दुःख पुरते ऐकू येईपर्यंत तरी. चँगच्या बाबतीत मात्र लेखकांच्या लगेच लक्षात येते की खूण असलेला हा मुलगा शत्रूच्या प्रासादात कोणाच्याही संशयावाचून वावरू शकेल. आणि ते त्याला हसीदच्या रिकाम्या खुर्चीवर, संगणकासमोर बसवतात.