शंभर वॅट, पण कुणाला किती?

प्रति,
महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली

महोदय,

चार्जर घेताना त्यावर तुमच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असतो. ‘आर’ आणि पुढे आठ आकडे. बीआयएस केअर ॲपमध्ये ते टाकले की उत्पादक आणि ब्रँड समोर येतो. सोन्याच्या अंगठीवरचा हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक तपासणारी माणसं आता बरीच झाली; रात्रभर उशाशी २३० व्होल्टला लावून ठेवलेल्या डबीचा क्रमांक तपासणारं क्वचितच कुणी भेटतं. पण आज तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार पाकिटावरच्या मोठ्या आकड्याबद्दल आहे. हल्ली घरात लॅपटॉप, दोन-तीन फोन, कानातल्या इअरबड्सची डबी असं सगळंच यूएसबी-सीवर भरतं, म्हणून लोक तीन-चार पोर्टांचा एकच चार्जर घेतात. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘१०० वॅट’. हे शंभर वॅट एकाच पोर्टात एकच साधन लावलं तर. शेजारच्या पोर्टात फोन लावला की वाटणी सुरू होते: एखादा चार्जर लॅपटॉपला ६५ राखून फोनला ३० देतो, दुसरा लॅपटॉपला थेट ४५ वर आणतो. तिसरं साधन लावलं की काही चार्जरांत शेवटचे दोन पोर्ट मिळून ५ व्होल्टवर येतात, आणि ‘फास्ट चार्जिंग’ हा शब्द फक्त पाकिटावर उरतो. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ४५ मिळाले तर तो जळत नाही. हळू भरतो, आणि जड काम चालू असेल तर पिन लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. गिऱ्हाईक म्हणतं, लॅपटॉप बिघडला.

ही वाटणी छापलेली असते कुठे? काळ्या प्लास्टिकवर राखाडी अक्षरांत, भिंग घेऊन वाचावी अशी. नाहीतर खोक्यातल्या घडीच्या कागदावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन बाहेर छापावं लागतं. पुडा फोडून मोजून घ्या, असं कुणी म्हणत नाही.

माहिती नसली की तिची जागा अफवा घेते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवरचा माणूस अगदी कळकळीने सांगतो, “साहेब, फोनला शंभरचा नका लावू, बॅटरी फुगेल.” यूएसबीच्या ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीने चालणाऱ्या प्रामाणिक चार्जरच्या बाबतीत हे खरं नाही. तो सुरुवात ५ व्होल्टने करतो, आपल्याकडे ९, १५, २० यांपैकी काय आहे ते साधनाला कळवतो आणि साधन मागेल तेवढंच देतो. २० वॅट मागणाऱ्या फोनला शंभरचा चार्जरही वीसच देणार. खरा धोका दुसरीकडे आहे. मुख्य वीज आणि आपल्या हातातल्या फोनकडे जाणारी वीज यांच्यामध्ये त्या डबीत काही मिलिमीटरचं अंतर आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एवढीच सीमा असते. नकली माल बनवणारा पहिली काटकसर तिथेच करतो, कारण बाहेरून ती दिसत नाही. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की कधीकधी मुंग्या आल्यासारखं होतं. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही एका कपॅसिटरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह झिरपतो, म्हणून. तो मर्यादेत आहे की नाही, हे बोटांना कळत नाही. तिथे गिऱ्हाइकाला आधार तुमच्या क्रमांकाचाच.

म्हणूनच तो क्रमांक पाकिटाच्या बाहेर हवा, चार्जरच्या पाठीवर नुसता कोरलेला नको. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही हवा, कारण तिथे तर डबी हातात घेऊन उलटी करून बघायचीही सोय नाही.

केबलबद्दल थोडक्यात. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ ॲम्पियर, म्हणजे ६० वॅटच जातात. पुढे जायला ई-मार्कर चिप असलेली ५ ॲम्पियरची केबल लागते. शंभरचा चार्जर आणि ड्रॉवरमधली जुनी केबल अशी जोडी असंख्य घरांत आहे. यूएसबीचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने केबलवर छापायला ६० आणि २४० वॅटची चिन्हं केली आहेत. ती आपल्या बाजारात सक्तीची करायला काय हरकत आहे?

सॉकेटचंही बघा. शंभर वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा ॲम्पियर लागतो, ६ ॲम्पियरच्या सॉकेटला त्याचं ओझं नाही. ओझं असतं ते वजनाचं. जड चार्जर सैल सॉकेटमध्ये खाली झुकतो, नाहीतर परदेशातून आणलेल्या चपट्या पिनांना तकलादू कन्व्हर्टर लावलेला असतो, आणि ठिणग्या तिथे पडतात.

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून फोनच्या खोक्यावर त्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात ते छापणं बंधनकारक आहे. आपल्याकडे टाइप-सीचं मानक तुम्ही २०२२ च्या आवृत्तीनुसार स्वीकारलंत, त्यामुळे पिनेच्या आकाराचा प्रश्न मिटत आला. वाटणीचा राहिला. पाकिटावर काय छापायचं हा विषय २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते नियम पाहणारी शाखा आणि तुम्ही एकाच मंत्रालयाच्या छपराखाली बसता, तेव्हा पत्र इकडून तिकडे जायला फार वेळ लागू नये. एक पोर्ट चालू, दोन चालू, सगळे चालू, तेव्हा प्रत्येकाला किती वॅट, एवढा तक्ता पाकिटाच्या बाहेर, निदान एमआरपीइतक्या मोठ्या अक्षरांत. तोवर मी विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो: लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवरचा आकडा बघा, आणि फोन लावलेला असतानाही तेवढे वॅट लॅपटॉपला देणारा चार्जर शोधा. दुकानदाराला हे विचारलं की तो आधी चार्जरकडे बघतो, मग आपल्याकडे.

एक प्रश्न मात्र थेट तुमच्यासाठी. गॅलियम नायट्राइडच्या चिपमुळे चार्जर मुठीत मावण्याइतके लहान झाले, आणि तापले की त्यांतले बरेचसे आपणहून वॅट कमी करतात. ते चांगलंच आहे. पण चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नोंदणीनंतर तपासणीसाठी तुम्ही बाजारातून नमुने उचलता, तेव्हा सगळे पोर्ट भरून ते किती वेळ आणि किती तापमानाला चालवून बघता? पाकिटावरचे शंभर वॅट कोणत्या तापमानाचे, हेही त्या तक्त्याखाली एका ओळीत बसेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ग्राहक, पुणे