यंत्र कोणाचे, नाव कोणाचे, वाटा कोणाचा?

२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये पुरुष मॉडेल्स एक चप्पल घालून चालले. ती चप्पल आपल्याकडच्या कोणत्याही शाळकरी पोराने ओळखली असती. कंपनीने मात्र तिला नुसते ‘चामड्याची सँडल’ म्हटले. मग समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. ‘आमची कोल्हापुरी चोरली’ म्हणून सगळा महाराष्ट्र संतापला. कंपनीने या चपलेची प्रेरणा भारतीय कारागिरीतून आल्याचे मान्य केले, तिचे लोक कोल्हापुरात येऊन गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये करारही झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनवायचे आणि सुमारे ८०० युरोला, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी हजार रुपयांच्या वर, जगभर विकायचे, असे त्यावेळी जाहीर झाले.

या गदारोळात आम्हाला एक गोष्ट खटकली. ‘आमची कोल्हापुरी’ म्हणणारे हे ‘आम्ही’ कोण? ज्यांच्या अस्मितेला ठेच लागली त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी चामडे कमावले जाते? कितीजण गावातल्या चर्मकाराला त्याच्या नावाने हाक मारतात? कातडे सोलणारा, कमावणारा, शिवणारा हात शतकानुशतके अस्पृश्य ठरवला गेला, आणि त्या हाताने केलेली वस्तू मात्र ‘महाराष्ट्राची शान’ झाली. चप्पल सगळ्यांची, विटाळ तेवढा आमचा! चोरी मिलानमध्ये झाली असेल, पण पहिली चोरी गावातच झाली होती. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली ज्या व्यवस्थेचे नाव आपल्या आत्मकथनाला दिले, त्या ‘बलुत्या’त कसब घेतले जात होते, नाव आणि भाव दिला जात नव्हता.

आता या धंद्यात नवे तंत्रज्ञान आले आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, कोल्हापुरी चपलेला क्यूआर कोड देण्याचे काम हाती घेतले. मोबाईलने तो स्कॅन केला की चप्पल कोणत्या कारागिराने वा केंद्राने बनवली, कोणत्या जिल्ह्यात बनवली, कोणते साहित्य वापरले, हे ग्राहकाला कळावे अशी योजना आहे. नकली माल रोखणे हा तिचा हेतू. आम्ही या योजनेकडे दुसऱ्या नजरेने पाहतो. ज्याचे नाव कधी बिलावरही आले नाही, त्याचे नाव वस्तूवर येण्याची ही पहिली संधी आहे. पण त्यासाठी ‘कारागीर वा केंद्र’ यातला ‘वा’ खोडावा लागेल. नाहीतर कोडमध्ये दुकानदाराचे, पुरवठादाराचे नाव येईल आणि शिवणारा पुन्हा अंधारात राहील.

कायद्याचीही बाजू समजून घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत लिडकॉम आणि कर्नाटकातील लिडकर ही दोन सरकारी महामंडळे. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नव्हते. कारागिराला या कायद्यात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते. म्हणजे हक्क आहे, पण तो कागद भरल्याशिवाय हातात येत नाही. आणि आपला अहिल्यानगर जिल्हा त्या यादीत नाही. करमाळ्याचा चर्मकार सोलापूर जिल्ह्यात, म्हणून यादीत. शेजारच्या कर्जत-जामखेडचा चर्मकार तशीच चप्पल शिवत असला तरी बाहेर. त्याच्या वाट्याला आठवडे बाजारातली ताडपत्री आणि समोर प्लास्टिकच्या चपलांचा ढीग.

इथे आमचेच काही तरुण मित्र आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप खरा आहे. ते म्हणतील, बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका, जातीचे धंदे सोडा, शहरात जा, शिका असे सांगितले. मग तुम्ही जातीच्या धंद्याला क्यूआर कोड लावून मिरवता कशाला? चर्मकाराच्या पोराने इंजिनिअर व्हावे की चप्पल शिवावी?

आमचे उत्तर असे. बाबासाहेबांचा विरोध कामाला नव्हता, जन्माने लादलेल्या कामाला होता. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच मांडले. ज्याला धंदा सोडायचा आहे त्याला शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी मिळालीच पाहिजे. ‘तुमची परंपरा जपा’ हा उपदेश त्याला कोणी करू नये. पण ज्याला तो करायचा आहे, त्याने मालक म्हणून करावा. आणि हो, कोकणस्थाच्या पोरालाही चामडे शिवावेसे वाटले तर त्याने खुशाल शिकावे! धंदा मोकळा झाला की जात ढिली होते. मुंबईत सुधीर राजभर यांनी ‘चमार’ हा शिवीसारखा वापरला जाणारा शब्दच आपल्या स्टुडिओचे नाव केले आणि रबरापासून पिशव्या, खुर्च्या बनवून त्या परदेशी प्रदर्शनांपर्यंत नेल्या. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याची टंचाई झाली, तेव्हा कच्चा माल बदलून मार्ग काढता येतो हे त्यांनी दाखवले. कसब कातड्यात नसते, हातात आणि डोक्यात असते.

यंत्राबद्दलही बाबासाहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ साली त्यांनी सांगितले की माणसाला पशूच्या जगण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती मिळवून द्यायची तर यंत्र हवेच. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. तेव्हा रचना बदला, यंत्र मोडू नका. आज यंत्राच्या जागी अ‍ॅप, कृत्रिम बुद्धिमत्ता, ऑनलाइन बाजार असे शब्द घाला. विचार तसाच लागू पडतो.

पण एक भ्रम नको. तंत्रज्ञान आपोआप जात मोडत नाही. ते आम्हा नगरकरांना वेगळे शिकवायला नको. मे २०१५ मध्ये आपल्याच शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, आणि वादाचे कारण होते त्याच्या मोबाईलवर वाजलेले बाबासाहेबांवरील गाणे. हातातला फोन एकविसाव्या शतकातला होता, तो ऐकणारे कान मनुस्मृतीतले होते.

कलेच्या क्षेत्रातही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. हल्ली जयंती आली की कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बाबासाहेबांची चित्रे मोबाईलवर धो-धो वाहतात. आमच्याच एका गटात असे एक सुंदर चित्र आले, खाली बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य. आम्ही ते पुढे पाठवलेही! नंतर एका विद्यार्थिनीने विचारले, हे कोणत्या खंडात आहे? शोधले, कुठेच सापडले नाही. आम्हाला लाज वाटली. उद्या याच यंत्राने कोणी बाबासाहेबांच्या तोंडी त्यांच्या विचाराच्या उलटे शब्द घातले तर आपण काय करणार? यंत्राला जे वाचायला मिळते तेच ते बोलते. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांचे अंक, आपल्या शाहिरांचे जलसे, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या वह्या नीट टंकून, तपासून आपण ठेवल्या नाहीत, तर हे नवे यंत्र आपल्याबाबतीत पुन्हा मुके राहील.

ऑनलाइन खेळांबद्दल थोडक्यात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्याआधी किती पोरांनी कर्ज काढून पैसे घालवले हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. खेळणाऱ्यांच्या रांगेत आपण होतो, खेळ बनवणाऱ्यांच्या रांगेत किती होतो, हा खरा प्रश्न आहे.

आणि दान? शिर्डीची दानपेटी केव्हाच ऑनलाइन झाली. आपल्या जयंती समित्यांच्या वर्गणीलाही क्यूआर कोड लागला. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यायला सांगितले होते. तो हिस्सा डीजेच्या भिंतीवर जातो की अभ्यासिकेच्या संगणकावर, हे दाखवणारा जाहीर हिशेब त्याच मोबाईलवर का देऊ नये? पैसे घ्यायला तंत्रज्ञान आणि हिशेब द्यायला जुनी वही, हे चालणार नाही.

तेव्हा मित्रहो, आमची मागणी सरकारकडे आहे तशी स्वतःकडेही आहे. क्यूआर कोडवर शिवणाऱ्या हाताचे नाव आणि त्याला मिळालेली मजुरी दोन्ही दिसू द्या. कंपनीशी करार करताना प्रशिक्षणाचे उपकार नकोत, विक्रीतला ठरलेला वाटा द्या, आणि तो महामंडळाच्या तिजोरीत न थांबता कारागिराच्या खात्यात जाऊ द्या. आणि आपण? ज्याला संगणक येतो त्याने आपल्या तालुक्यातल्या एका कारागिराची नोंदणी, एका दुकानाचे ऑनलाइन खाते, एका जुन्या अंकाचे टंकन एवढे तरी अंगावर घ्यावे. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत किती जण होते हे विचारण्याआधी ही यादी किती लांब झाली ते एकमेकांना विचारू.

जयभीम!