सेनानीची टीका आणि आपले वाचन

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना सोलापुरातील आमच्या वर्गांत दलित आत्मकथने येतात, स्त्रियांची आत्मचरित्रे येतात. सैनिकाचे आत्मचरित्र क्वचितच येते. आले तरी शौर्यकथा म्हणून. सैनिकाने नेतृत्वावर केलेली टीका कशी वाचावी, हा प्रश्न त्यामुळे आपल्याला पडतच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. १९५३-५४ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. परभूमीवरील युद्धे आणि त्यांचे अवशेष पाहिलेला हा माणूस. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी टिपण सादर केले. मार्च १९६० मध्ये 'लाल किल्ला' या युद्धसरावातून चिनी आक्रमणापुढे आपले बळ कुठे अपुरे पडेल, हेही दाखवून दिले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो इशारा मनावर घेतला नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि लष्करप्रमुखपद थापर यांच्याकडे गेले. पुढच्याच वर्षी आपले जवान अपुऱ्या गरम कपड्यांनिशी, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन हिमालयात लढले.

थोरातांचे 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे आत्मचरित्र १९८६ मध्ये आले. डावलल्या गेलेल्या अधिकाऱ्याची ही कैफियत, असा आक्षेप कोणी घेईल. निवृत्तीनंतर सुचलेल्या शहाणपणाकडे संशयाने पाहावे, हे मलाही मान्य आहे. परंतु येथे इशारा आधीचा आहे आणि डावलले जाणे नंतरचे. टीकेची विश्वासार्हता ठरवताना हा क्रम निर्णायक मानावा लागेल.

तरीही तेवढ्याने भागत नाही. सेनापतीची दृष्टी नकाशावरून खाली येते. याच युद्धावरील कर्नल श्याम चव्हाण यांचे 'वालाँग : एका युद्धकैद्याची बखर' हे मराठी पुस्तक युद्धकैदी झालेल्या अधिकाऱ्याचे आहे. ही दोन्ही पुस्तके वर्गात शेजारी ठेवली, तर वरच्या निर्णयाची किंमत खाली कोणी मोजली, हे विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येईल.

त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. अशा वेळी लढलेल्यांचे लेखन हाच आपल्या हाती असलेला पुरावा ठरतो. त्यातील पराक्रम उचलून टीका गाळणे, हा त्या लेखनावर आणि तेथे पडलेल्या जवानांवरही अन्याय आहे.