तापलेली जॉयस्टिक आणि चेन्नईचा मे महिना

चेन्नईचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना 'अग्नी नक्षत्रम्' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मे महिन्यातले ते तीन-साडेतीन आठवडे म्हणजे नुसता वणवा! ३१ मे २००३ रोजी तर नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत ४५ अंश सेल्सियसची नोंद झाली होती. नेमकी हीच शाळेच्या सुट्टीची वेळ. बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून मुले संगणकासमोर ठाण मांडतात. ज्यांना वैमानिक व्हायचे आहे ती मुले 'फ्लाइट सिम्युलेटर' सुरू करून दुपारभर मीनमबाक्कमच्या धावपट्टीवरून विमाने उडवतात.

ज्या घरात साधी जॉयस्टिक नसून 'फोर्स फीडबॅक' जॉयस्टिक असते, तेथे आईची एक तक्रार ठरलेली असते. यंत्राच्या बुडाला हात लावावा तर चटका बसतो. कधी वार्निश तापल्यासारखा वास येतो. अर्ध्या-पाऊण तासाने दांडा एकदम ढिला पडतो. मग मनात प्रश्न येतात. यंत्र बिघडले का? आग तर लागणार नाही? एवढे पैसे पाण्यात गेले का?

दांड्याच्या पोटात काय असते?

साध्या जॉयस्टिकमध्ये एक स्प्रिंग असते. दांडा सोडला की तो मधोमध येतो, एवढेच तिचे काम. फोर्स फीडबॅक जॉयस्टिकमध्ये मात्र दोन छोट्या विजेच्या मोटारी असतात. एक पुढे-मागे जोर लावते, दुसरी डावी-उजवीकडे. विमानाचा वेग वाढला की दांडा जड होतो, वादळात तो थरथरतो. खऱ्या विमानात पंख आणि शेपटीवर हवेचा जो दाब येतो, त्याची ही नक्कल.

मायक्रोसॉफ्टची 'साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो' १९९७ मध्ये आली आणि हा प्रकार घरोघरच्या संगणकांपर्यंत पोहोचला. पुढे तिची दुसरी आवृत्तीही निघाली. २००३ मध्ये कंपनीने हे उत्पादन आवरते घेतले, तरी शौकीन मंडळी आजही ती जुन्या बाजारात शोधत असतात.

मिक्सरचे उदाहरण

आता स्वयंपाकघरात या. मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी जरा घट्ट झाली, तर पाते अडकते. मोटर गुरगुरते, गरम होते, वास येतो आणि मिक्सर बंद पडतो. मग आपण तो उलटा करून बुडाचे लाल बटण दाबतो. जॉयस्टिकमध्ये घडते ते हेच.

मोटर फिरत असते, तेव्हा ती स्वतःच थोडा उलटा विद्युतदाब निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा प्रवाह मर्यादेत राहतो. ती अडली की हा उलटा दाब शून्य होतो आणि प्रवाह एकदम वाढतो. अडलेली मोटर काही हलवत नाही, म्हणून येणारी सगळी वीज उष्णतेत जाते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते! जॉयस्टिकच्या मोटारीचे कामच मुळी अडून उभे राहण्याचे आहे. ती गरगर फिरत नाही, आपल्या हाताशी पंजा लढवत असते.

म्हणूनच मोटारींच्या शर्यतीचा किंवा मारामारीचा खेळ तिला फारसा तापवत नाही. तेथे क्षणभराचे धक्के असतात आणि मध्ये विसावा मिळतो. विमान चालवताना मात्र दहा-दहा मिनिटे एकाच दिशेने जोर लागतो, तेव्हा तिला उसंतच मिळत नाही.

चांगल्या यंत्रात यावर उपाय केलेला असतो. मोटर ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की आतले यंत्रणेचे नियंत्रण जोर कमी करते किंवा बंदच करते. दांडा ढिला पडण्यामागे बरेचदा हेच कारण असते, तेव्हा त्याला लगेच बिघाड समजू नका. तो मिक्सरच्या लाल बटणासारखा इशारा आहे. शिवाय तापलेल्या तांब्याच्या तारेचा विरोधही वाढतो. तापमान ६० अंशांनी चढले तर तो सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि जोर आणखी घटतो.

चेन्नईत जास्त त्रास का?

मोटर किती तापेल हे खोलीच्या तापमानावरून मोजायचे असते. समजा, ती खोलीपेक्षा ४० अंशांनी तापते. वातानुकूलित २५ अंशांच्या खोलीत ती ६५ अंशांवर थांबेल, पण ३८ अंशांच्या खोलीत ७८ वर जाईल. काही प्रकारच्या शक्तिशाली चुंबकांची ताकद ८० अंशांच्या आसपास कायमची घटू लागते. म्हणजे मे महिन्यातली दुपार आपल्याला धोक्याच्या रेषेजवळ नेऊन उभी करते.

पंखा लावावा का? जरूर लावा, पण फार अपेक्षा ठेवू नका. घाम वाळल्यामुळे आपल्याला पंख्याखाली गार वाटते. यंत्राला घाम येत नाही. पंखा त्याची उष्णता लवकर वाहून नेईल, पण खोलीपेक्षा गार करू शकणार नाही.

काय करावे?

• सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जोर पूर्ण ठेवू नका. तो ७० टक्क्यांवर आणला, तर प्रवाहाच्या हिशेबाने उष्णता जवळपास निम्मी होते.
• दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे विश्रांती द्या. मुलाच्या डोळ्यांनाही ती हवीच आहे.
• हवेची छिद्रे कापडाने, रुमालाने झाकू नका. यंत्र गादीवर किंवा मांडीवर ठेवू नका.
• काही जॉयस्टिकच्या मुठीत हात ओळखणारा डोळा असतो. हात काढला की मोटारी बंद होतात. काही मुले त्यावर चिकटपट्टी लावतात. ती आधी काढायला लावा.
• अमेरिकेतल्या मामाने किंवा काकाने पाठवलेले यंत्र असेल, तर लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्या २३० व्होल्टला ते जळेल. साधा पिन बदलणारा ॲडाप्टर व्होल्टेज बदलत नाही.
• जळका वास, धूर किंवा वितळलेले प्लास्टिक दिसले, तर भिंतीवरचे बटण बंद करा आणि प्लग काढा. मगच दुरुस्तीचा विचार करा. रिची स्ट्रीटवर विजेच्या वस्तूंची दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत, पण यंत्र थंड झाल्याशिवाय उघडू नका.

खरा उपाय मात्र मुलाच्या हातात आहे. विमानात 'ट्रिम' नावाचे एक चाक किंवा बटण असते. ते नीट जुळवले की दांडा न धरताही विमान सरळ उडते. दांड्याशी झटू नका, ट्रिम करा, हा धडा शिकाऊ वैमानिकांना सुरुवातीलाच मिळतो. सिम्युलेटर आणि जॉयस्टिक दोघांना ट्रिम कळत असेल, तर जुळवणी होताच मोटर निवांत होते. म्हणजे मोटर तापणे हे बऱ्याच वेळा विमान नीट न जुळवल्याचे लक्षण असते! ट्रिम शिकलेल्या मुलाचे यंत्रही टिकते आणि कौशल्यही वाढते.

खर्च करावा का?

मुलाला वैमानिक व्हायचे आहे म्हणून आईवडील पोटाला चिमटा काढून महागडी वस्तू घेतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतात इंडिगोसारख्या कंपन्या जी एअरबस ए-३२० विमाने मोठ्या संख्येने चालवतात, त्यांच्या बाजूच्या दांड्यात हवेचा दाब हाताला जाणवतच नाही. त्यात स्प्रिंगच असते. ते विमान घरी शिकायला साधी जॉयस्टिक पुरते. छोट्या प्रशिक्षण विमानांचा अनुभव हवा असेल, तेव्हा मात्र फोर्स फीडबॅकची मजा वेगळी. तरीही घरच्या संगणकावरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे मुलाला आधीच सांगा.

तेव्हा यंत्र तापले म्हणून मुलावर तापू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "ट्रिम केलेस का रे?" आईला एवढे ठाऊक आहे हे पाहून तो चकित होईल. आणि शिकायलाही लागेल.