तीन पायांवरचं मोठं कुत्रं

‘एवढ्या मोठ्या कुत्र्याचा पाय कापला, आता त्याला जगवून काय करायचं?’ असं लोक दयेपोटीच विचारतात. मला ते पटत नाही. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणून पुढचा पाय गेला तर सावरणं जास्त अवघड, एवढं खरं. पण घात करते ती आपली गुळगुळीत फरशी. सतरंजी सरकते, खाली रबर असलेल्या चटया अंथरा. मागचा पाय गेला असेल तर सुरुवातीला पोटाखालून टॉवेलची झोळी धरा, फेऱ्या छोट्या ठेवा. आणि कीव येऊन (इथेच आपण सगळे फसतो) जास्त खाऊ घालू नका. वाढलेला प्रत्येक किलो उरलेल्या तीन पायांनाच पेलायचा असतो. नखंही वेळेवर कापा, वाढली की पंजाची पकड सुटते.